लेफ्ट बॅकचा कोट

यंदा फुटबॉल क्लबच्या मानाच्या दालनात कोणाची तसबीर लागणार, हे गावाला क्लबकडून कधीच कळलं नाही. ते कळायचं कोपऱ्यावरच्या लाँड्रीतून. क्लबचे चिटणीस नाव फुटू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपत. बैठक बंद दाराआड, कागद बंद पाकिटात, पाकीट बंद कपाटात. पण ज्याची निवड झाली त्याला आठवडाभर आधी कानात सांगावंच लागे. आणि असं कानात सांगितलेला माणूस घरी जाऊन पहिलं काम काय करणार? कपाटातला कोट काढणार, हुंगणार, तोंड वाकडं करणार आणि तो कोट अंगापासून लांब धरून लाँड्रीत आणणार.

"घाई नाही," तो म्हणे. "रविवारच्या आत मिळाला म्हणजे झालं."

दालनाचा समारंभ रविवारीच असे.

लाँड्रीवाले काका काउंटरमागे उभे राहून कोट झटकत, खिसे उलटे करून बघत आणि साळसूदपणे विचारत, "रविवारी काही विशेष?"

"छे हो. एक घरगुती कार्य आहे."

"असं का."

मग काका कोटाच्या मागच्या टोकाला सेफ्टीपिनने कापडी चिठ्ठी लावून तो दर्शनी दांडीवर टांगत. तासाभरात गल्लीतला न्हावी दुकान सोडून येई, वाणी येई, ज्याला आयुष्यात कधी कपडे धुवायला टाकायची सवय नाही असा शाळेचा शिपाईही डोकावून जाई. पाकीट कपाटात आणि बातमी हँगरला.

सेंटर फॉरवर्डचा कोट असाच आला होता. गोलकीपरचा आला, त्याच्या बाह्या नेहमीप्रमाणे आखूड. प्रशिक्षकांच्या कोटाच्या खिशात शिट्टी सापडली, ती काकांनी पुसून परत दिली. दोन पंचांचे कोट आले. पंचांनाही मान मिळतो म्हटल्यावर गावात थोडी कुजबुज झाली, पण कोट मात्र दोन्ही उत्तम निघाले. काकांनी सगळ्यांना वाफ दिली, कॉलरी बसवल्या, पाठीवर ब्रश मारला. आणि या सगळ्यांच्या मागे, भिंतीकडच्या शेवटच्या खुंटीवर एक राखाडी कोट वर्षानुवर्षं लटकत होता. त्याला चिठ्ठी नव्हती. तो काकांचा स्वतःचा.

समारंभाच्या आठवड्यात काका तो कोटही न चुकता काढत, त्यावर ओलं फडकं पसरत आणि इस्त्री फिरवत. कोणी बघतंय असं वाटलं की म्हणत, "कसर लागते हो, लोकरीला. हवा द्यावी लागते."

गल्ली समजूतदार होती. "हो ना, हवेवर ठेवावाच लागतो," असं म्हणून ती हसू गिळे आणि घरी जाऊन सोडे.

कारण काकाही त्याच संघातून खेळले होते. गावातून नदी जाते, नदीच्या अलीकडे एक क्लब आणि पलीकडे दुसरा. दोघांचं वैर इतकं जुनं की त्याचं मूळ कोणालाच माहीत नाही, आणि माहीत नसल्यामुळे ते मिटवताही येत नाही. काका अलीकडच्या क्लबाचे लेफ्ट बॅक. एक नाही, दोन नाही, सलग कितीतरी हंगाम. क्लबाने जेवढे चषक जिंकले तेवढ्या सगळ्या वेळी मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात काका होते. पण डाव्या कोपऱ्यात कोण बघतं? प्रेक्षक बघतात चेंडूकडे. आणि काकांचं कामच असं की त्यांच्या बाजूला चेंडू येऊ नये. ते काम ते इतकं चोख करत की त्या बाजूला बघण्यासारखं काही उरतच नसे. सामन्याचे फोटो काढणारा स्टुडिओवाला कायम पलीकडच्यांच्या गोलमागे बसायचा, गोल तिकडे होणार म्हणून. त्याच्या फोटोंत काका बहुतेक वेळा असत. दूर, धुरकट, कोपऱ्यातल्या झेंड्याशेजारी दुसऱ्या झेंड्यासारखे.

एक संघाचा एकत्र फोटो होता. मोठा चषक जिंकला त्या दिवशीचा. पुढे बसलेल्या कप्तानाने ऐन क्षणी हर्षवायू होऊन चषक वर उचलला आणि तो नेमका मागच्या रांगेतल्या काकांच्या तोंडासमोर आला. त्या फोटोत चषकाला दोन कान आहेत. म्हणजे चषकाचे स्वतःचे दोन आहेतच, त्यांच्या बाहेरच्या बाजूला आणखी दोन. ते काकांचे.

काकांची मुलगी लहान असताना तो फोटो बघून म्हणाली होती, "बाबा, यात तुम्ही कुठे?"

"चषकाच्या मागे."

"चषकाच्या मागे कोणीही असेल."

मुलगी पुढे वकील झाली यात नवल नव्हतं. काकूंनी तेव्हा काकांची बाजू घेतली होती. "कान त्यांचेच आहेत," त्या म्हणाल्या. "असे कान दुसरीकडे बघितले असते तर मी तिकडे लग्न केलं असतं का? एकदाच फसले." पण काकूंनी काकांना प्रत्यक्ष खेळताना कधी बघितलं नव्हतं. लग्न झालं तोवर काकांचा गुडघा गेला होता. त्यामुळे काकांच्या फुटबॉलवर घरात विश्वास होता, पुरावा नव्हता. आणि विश्वासावर किती वर्षं काढणार माणूस? काकांना मान नको होता, शाल नको होती, टाळ्याही नको होत्या, असं ते म्हणत. खरं तर त्यांना सगळंच हवं होतं. पण सगळ्यांत जास्त हवं होतं ते एवढंच, की कोणीतरी उभं राहून चारचौघांत म्हणावं, हा तिथे होता.

यंदा मात्र वेगळंच झालं. समारंभाचा आठवडा उजाडला आणि लाँड्रीत कोट आला नाही.

सोमवारी न्हावी दोनदा येऊन गेला. मंगळवारी शिपाई आला आणि रिकाम्या दांडीकडे बघून म्हणाला, "काका, दुसरीकडे तर टाकत नाहीयेत ना लोक?"

"दुसरीकडे टाकतील त्यांचे कोट आखडतात," काका म्हणाले.

बुधवारी न्हाव्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून लाँड्रीत आला. दर्शनी दांडीकडे त्याने बघितलं, मग मागच्या खुंटीकडे, मग काकांकडे.

"कोट आला नाही," तो हळूच म्हणाला, "कारण तो आधीपासून इथेच आहे."

काकांच्या हातातल्या इस्त्रीखाली कोणाचीतरी उशीची खोळ होती, तिच्यावर त्या दिवसापासून एक तपकिरी त्रिकोण आहे.

गुरुवारी सकाळी चिटणीस स्वतः आले. हातात कोट नाही. वयाने काकांपेक्षा बरेच लहान, चेहरा सतत उसनं आणलेलं परत करायला आल्यासारखा.

"काका, यंदा तुमचं नाव आहे."

"माझं?" काका म्हणाले. हा शब्द आश्चर्याने कसा म्हणायचा याचा सराव त्यांनी आरशासमोर अनेक वर्षं केला होता, पण ऐन वेळी तो नुसताच घोगरा आला.

"हो. म्हणजे झालं असं," चिटणीस प्रामाणिक होते, हाच त्यांचा दोष, "पुढच्या फळीतले सगळे झाले. मधल्या फळीतले झाले. प्रशिक्षक झाले, पंच झाले. गेल्या वर्षी मैदानाचा रोलर झाला, त्याची रिबीन इस्त्रीला तुमच्याकडेच आली होती. आता उरलात तुम्ही आणि मैदानावरचं घड्याळ."

"ते घड्याळ बंद आहे."

"हो, पण सगळ्यांना दिसतं ना." चिटणीसांनी जीभ चावली. "तुमच्या बाजूने मी बोललो, काका. कमिटीने काल रात्री मान्यही केलं. फक्त साक्षीदार हवा."

हा साक्षीदार म्हणजे दालनाचा जुना नियम. एकदा खजिनदारांनी आपल्या सासऱ्यांचं नाव जवळजवळ घुसवलं होतं. सासऱ्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. निवडीची बातमी ऐकून तेच पहिले घाबरले आणि त्यांनी प्रकरण उघडं केलं. तेव्हापासून ठरलं की ज्याचा मान, त्याला मैदानात खेळताना ज्याने बघितलं अशा कोणीतरी व्यासपीठावर उभं राहून काय बघितलं ते सांगायचं. एक तरी प्रसंग, नीट, तपशीलवार. तो सांगता आला नाही तर मान नाही.

"शनिवारपर्यंत साक्षीदाराचं नाव द्या," चिटणीस म्हणाले. "नाहीतर घड्याळ."

"घड्याळाला कोण साक्षीदार?"

"अख्खं गाव, काका."

काका त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून गोलकीपरकडे गेले. गोलकीपर म्हणजे जुना दोस्त. त्याच्यासमोर काकांनी हाडं मोडून घेतली होती. निवृत्तीनंतर तो घराच्या गच्चीत कुंड्यांमधून रोपं वाढवत असे आणि त्यांना पाणी घालता घालता जगाची कीव करत असे.

"साक्ष? देतो की," गोलकीपर म्हणाला. "का नाही देणार? तू आमचा लेफ्ट बॅक."

"मग सांग बरं, काय सांगशील?"

गोलकीपरने झारी खाली ठेवली. आठवायला डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत, तेव्हा काकांना वाटलं झोपला.

"उजवीकडून आलेले सगळे आठवतात," तो अखेर म्हणाला. "मधून आलेलेही आठवतात. एक तर माझ्या पायातून गेला. पण डावीकडून मला कोणी त्रास दिल्याचं आठवतच नाही बघ."

"अरे, मग तेच सांग ना."

"काय सांगू? आठवत नाही असं? लोक म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला." तो खरोखर ओशाळला. "तू एखादा तरी सोडला असतास डावीकडून तर आज कामाला आला असता. घरचा माणूस म्हणून सांगतो, फार आखडता हात घेतलास तू."

तिथून काका कप्तानाकडे गेले. चषक उचलणारे कप्तान आता क्लबचे अध्यक्ष होते आणि बाहेरच्या खोलीत त्यांचे स्वतःचे इतके फोटो होते की भिंतीचा रंग कोणता ते सांगणं अवघड. अध्यक्षांनी काकांना प्रेमाने बसवलं, चहा दिला, पाठीवर थाप मारली.

"साक्ष मला देता येणार नाही, शाल मीच देणार ना. शाल देणाऱ्यानेच साक्ष दिली तर बरं दिसत नाही. पण तुला सांगतो, तुझा तो गोल अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"मी कधी गोल केला नाही."

"नाही?" अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मग तो कोण? डावीकडचा, उंच, मिशीवाला?"

"तो राइट हाफ होता. वारला."

"अरेरे," अध्यक्ष म्हणाले. "चांगला खेळायचा. तू कुठे असायचास म्हणतोस?"

काका घरी आले ते थेट पलंगावर. काकूंनी कूस बदललेली पाठ बघितली आणि ओळखलं की गाडं कुठेतरी अडलंय. त्यांनी सगळं काढून घेतलं. काढून घेण्यात त्या अशा तरबेज की मुलीने वकिली नक्की कुठून उचलली याबद्दल शंका राहू नये.

"म्हणजे तुमच्या संघातल्या कोणालाच तुम्ही आठवत नाही."

"नाही."

"आणि हे सगळे मित्र."

"जिवलग."

"मग मित्रांकडे कशाला जाता?" काकू म्हणाल्या. "मला सांगा, माझी सासू कशी होती हे तुम्हाला विचारून काय उपयोग? तुम्ही म्हणाल, देवमाणूस होती. मला विचारा. एकेक दिवस सांगते."

काका उठून बसले.

"ज्याचं जळतं त्याला कळतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही कोणाला छळायचात?"

नदीपलीकडे चौकात एक चष्म्याचं दुकान आहे. मालकाला त्या काठावर आजही तुफान म्हणतात. ऐन काळात तो उजव्या बगलेतून चेंडू घेऊन सुटला की पलीकडच्या काठावरची माणसं टोप्या उडवत. परगावच्या संघांनी त्याच्या धसक्याने आजारी पडल्याच्या चिठ्ठ्या पाठवल्या होत्या म्हणे. पलीकडच्या क्लबाच्या दालनात त्याचा फोटो दाराशीच आहे. फक्त अलीकडच्या क्लबाविरुद्ध त्या तुफानाची कधी झुळूकही झाली नाही. त्याचं कारण पलीकडे लहान मुलालाही ठाऊक होतं आणि अलीकडे कोणालाच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी काका पूल ओलांडून दुकानात शिरले तेव्हा तुफान पाठमोरा उभा राहून काचा पुसत होता. पोट सुटलं होतं, टक्कल पडलं होतं, कंबर कुठे सुरू होते ते कळायला वाव नव्हता. काका आवाज न करता त्याच्यामागे जाऊन उभे राहिले. सवयीने. थोडे डावीकडे, हाताच्या अंतरावर.

तुफानाचा काच पुसणारा हात थांबला. त्याची मान आखडली. तो वळला नाही.

"गोचीड," तो म्हणाला.

काकांना वर्षानुवर्षांत कोणी या नावाने हाक मारली नव्हती.

"कसं ओळखलंस?"

"मानेवर श्वास आला." तुफान वळला. "काय पाहिजे? दूरचा चष्मा की जवळचा? तुला दूरचा कशाला लागेल म्हणा, तू कोणाला दूर जाऊच देत नाहीस."

काकांनी आल्याचं काम सांगितलं. मान, साक्षीदार, शनिवार, घड्याळ, सगळं. तुफान ऐकत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या.

"म्हणजे," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "तू माझं तारुण्य नासवलंस आणि आता त्याबद्दल तुला शाल मिळावी म्हणून मी येऊन भाषण करू?"

"एवढंच."

"तुझ्या संघातला कोणी का नाही करत?"

"त्यांना मी आठवत नाही."

तुफान काउंटरच्या स्टुलावर बसला. त्याच्या तोंडावर राग होता, पण त्यात आता दुसरंच काहीतरी मिसळलं. अपमान. स्वतःचा नव्हे.

"आठवत नाही?" तो म्हणाला. "मी अजून रात्री दचकून उठतो. बायकोने पांघरूण सारखं करायला हात लावला तरी अंगावर ओरडतो, सोड शर्ट. आणि त्या मूर्खांना आठवत नाही?" मग थोडा विचार करून, "येईन. पण खरं बोलेन. गोड बोलायला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"आणि माझा कोट बघ आधी. जाईन तर नीट जाईन. पलीकडचा माणूस अलीकडे चुरगळलेला आला असं म्हणायला नको कोणी." त्याने आतून एक निळा कोट आणला. त्याची अवस्था बघून काकांचा लाँड्रीवाला जीव कळवळला. कॉलर तेलकट, बाही उसवलेली, पाठीवर चहाचा डाग नकाशासारखा पसरलेला.

"आण इकडे," काका म्हणाले. "मीच नेतो. रविवारी माझ्या दुकानातूनच अंगात घाल."

अशा रीतीने त्या वर्षीही लाँड्रीत कोट आला आणि दर्शनी दांडीला लागला. न्हावी धावत आला, कोट त्याने ओळखला नाही. शिपायाने ओळखला, त्याचा चष्मा तिकडचाच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अलीकडच्या क्लबाने मान पलीकडच्या तुफानाला विकला. अध्यक्षांच्या घरी माणसं जमली. चिटणीस घाम पुसत लाँड्रीत आले.

"काका, हे काय? साक्षीदार पलीकडचा?"

"नियमात कुठे लिहिलंय अलीकडचाच हवा म्हणून?"

चिटणीसांनी आठवून बघितलं. कुठेच नव्हतं. पलीकडचा माणूस अलीकडच्या माणसाबद्दल चांगलं बोलेल ही शक्यता नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आली नसावी. "पण बोलेल ना चांगलं?" त्यांनी काळजीने विचारलं.

"अजिबात नाही," काका म्हणाले.

शनिवारचा सगळा दिवस काकांनी निळ्या कोटावर घालवला. डाग काढला, बाही शिवली, कॉलर साबणाने घासून वाफेवर धरली. पोटाचं बटण लागेल इतपत सरकवलं. काम संपल्यावर त्यांनी दूर उभं राहून बघितलं आणि तुफानाची एखादी गोष्ट बघून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा समाधान वाटलं.

मग रविवारी सकाळी त्यांनी शेवटच्या खुंटीवरचा राखाडी कोट काढला. ओलं फडकं पसरलं, इस्त्री ठेवली, फिरवली, फडकं उचललं. कॉलरखाली, छातीवर, कापड सरळ रेषेत विरलं होतं. काकांनी बोटाने चाचपलं तर बोट आरपार गेलं. दुसऱ्या बाजूला चाचपलं, तिथेही तेच. घालून घालून फाटलेले कोट काकांनी पोत्याने बघितले होते. न घालता, नुसत्या इस्त्रीने विरलेला हा पहिलाच. इतकी वर्षं त्यांनी त्याला जपून जपून मारलं होतं.

तेवढ्यात तुफान आला, दांडीवरचा निळा कोट स्वतःच ओढून त्याने अंगात घातला आणि आरशासमोर वळून वळून बघू लागला.

"बरा दिसतोय की मी. तू काय घालणार?"

"शर्ट," काका म्हणाले.

काकूंनी दारातून फाटका कोट बघितला. आत जाऊन त्यांनी पांढरा शर्ट आणला, कांजी केलेला, इतका कडक की तो काकांनी घालायच्या ऐवजी काकाच त्यात शिरले.

मानाचं दालन म्हणजे पूर्वी जिथे टेबल टेनिसचं टेबल होतं ती खोली. टेबल जाऊन आता तिथे खुर्च्या होत्या आणि कोपऱ्यात रोलर, गळ्यात रिबीन घातलेला. गर्दी दरवर्षीपेक्षा जास्त होती, कारण भांडण होईल अशी सगळ्यांना आशा होती. पहिल्या रांगेत काकू आणि त्यांच्या शेजारी अशिलांना ताटकळत ठेवून आलेली मुलगी. गोलकीपर आला होता. स्टुडिओवाला म्हातारा झाला होता, पण कॅमेरा घेऊन आला होता.

अध्यक्षांनी प्रस्तावना केली. त्यात काकांच्या एका अविस्मरणीय गोलाचा उल्लेख होता. मग त्यांनी साक्षीदाराला बोलावलं आणि खोलीत अशी शांतता पसरली की रिबीन सळसळलेली ऐकू आली.

तुफान उभा राहिला. व्यासपीठावर काका त्याच्या मागच्या खुर्चीत.

"हा माणूस नालायक आहे," तुफानाने सुरुवात केली.

मागच्या रांगांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"मी याच्याविरुद्ध किती सामने खेळलो ते विचारू नका, माझा रक्तदाब वाढतो. पहिल्या सामन्यात मी चेंडू घेऊन निघालो. हा पुढ्यात. डावीकडे झुकलो, हा डावीकडे. उजवीकडे झुकलो, हा उजवीकडे. शेवटी थांबलो, तर हाही थांबला आणि चेंडू आरामात घेऊन गेला, जसा काही मी तो त्याला द्यायलाच आणला होता. पुढच्या खेपेला मी ठरवलं, बगल बदलायची. डाव्या बगलेत गेलो. मागे बघतो तर हाही तिकडे. स्वतःची जागा सोडून! मी म्हटलं, अरे तू लेफ्ट बॅक ना? तर म्हणतो, तू जिथे तिथे लेफ्ट."

कोणीतरी हसलं. तुफानाने त्याच्याकडे रागाने बघितलं.

"हसू नका. चेंडू बाहेर गेला म्हणून मी पाणी प्यायला गेलो, हा पाठोपाठ. माझ्या आणि घागरीच्या मध्ये उभा. एकदा सामना संपून मी कपडे बदलायला गेलो, तर हा दारात. मी म्हटलं, संपला सामना. म्हणतो, शिट्टी नीट ऐकू नाही आली. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीचे वडील मुलगा कसा खेळतो ते बघायला आले. सामन्यानंतर मला विचारतात, तो तुझ्या मागे उभा असतो तो मुलगा कोण? त्याचं लग्न झालंय का?"

आता अख्खी खोली हसत होती. गोलकीपर डोळे पुसत होता आणि शेजाऱ्याला सांगत होता, "बरोबर, बरोबर, म्हणून डावीकडून येत नव्हते." मुलगी हसत नव्हती. ती पुढे वाकून ऐकत होती, उलटतपासणीत साक्षीदार कुठे अडखळतोय का बघत असल्यासारखी. साक्षीदार कुठेच अडखळत नव्हता.

"शर्ट ओढायचा," तुफान म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "पंचांना दिसणार नाही असा. दोन बोटांनी, इथे, मागून. मी अख्ख्या मुलखातल्या बॅकना चकवलंय. त्यातल्या एकाचंही तोंड मला आठवत नाही. याचंही तोंड आठवत नाही, कारण हा कायम मागे. पण याच्यासारखा दुसरा नाही झाला. तुम्ही लोकांनी याला इतकी वर्षं बाहेर ठेवलंत आणि रोलर आत घेतलात. मी पलीकडचा. मला बोलायचा अधिकार नाही. पण लाज वाटायला हवी."

काका खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना रडू येत होतं, म्हणून त्यांनी नजर खाली, समोरच्या निळ्या कोटावर खिळवली. आणि तिथे त्यांना दिसलं. कोटाच्या मागच्या टोकाला, सेफ्टीपिनने लावलेली, लाँड्रीची चिठ्ठी. फाटक्या कोटाच्या नादात काढायची राहिली होती.

माणसाला शाल मिळो, मुकुट मिळो, चिठ्ठीसकट कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर जाणं ही लाँड्रीवाल्याची नाचक्की. काका हळूच उठले, तुफानामागे सरकले, थोडे डावीकडे, आणि कोणाला दिसणार नाही अशा बेताने दोन बोटांनी कोटाचं टोक धरलं.

तुफान ताठ झाला. "बघा," तो न वळता म्हणाला. "अजून सोडत नाही."

नेमका तेव्हाच स्टुडिओवाल्याचा फ्लॅश पडला.

तोच फोटो दालनात लागला, कारण त्या दिवशी दुसरा बरा आलाच नाही. शाल देतानाचा होता, पण त्यात अध्यक्षांचा हात आडवा. आता अलीकडच्या क्लबाच्या भिंतीवर पलीकडचा तुफान उभा आहे, निळ्या कोटात, तोंड उघडं, हात वर, अगदी मध्यभागी. त्याच्या मागे पांढऱ्या शर्टाची एक बाही, कोटाला धरलेली दोन बोटं आणि एक कान. खाली पाटीवर नाव मात्र काकांचं आहे. पलीकडची माणसं ते बघायला मुद्दाम पूल ओलांडून येतात. परगावचा कोणी आला की विचारतो, हा कोटवाला तुमचा फार मोठा खेळाडू होता का. मग त्याला सगळं सांगावं लागतं, आणि सांगायला हल्ली गोलकीपरच पुढे असतो. त्याला आता सगळं आठवतं.

मुलगी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली होती. "कान जुळतात," एवढंच म्हणाली.

आठवडाभराने चिटणीस लाँड्रीत आले. चेहरा तसाच, परत करायला आल्यासारखा.

"काका, कमिटीचं म्हणणं आहे, फोटो पुन्हा काढू. नीट, एकट्याचा, समोरून. पुढच्या वर्षी घड्याळाचा काढायचाच आहे, त्याच खर्चात होईल."

काका एका गिऱ्हाइकाच्या कोटाला चिठ्ठी लावत होते. मागची शेवटची खुंटी रिकामी होती.

"नको," ते म्हणाले. "समोरून मला कोण ओळखणार?"